आजीला विचारून सांगते, मॅडम

मॅडम "समजलं का?" असं विचारत नाहीत. तास सुरू होऊन दहा मिनिटं होत आली, तरी एकदाही नाही. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने कपाटाला पाठ लावून बसलो आहे आणि हे मुद्दाम टिपून ठेवतो आहे. ऑनलाइन वर्गात सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच, आणि त्याला आजवर एकच उत्तर मिळत आलं आहे: "हो मॅडम."

साताऱ्यातल्या एका अभ्यासकेंद्राची ही खोली. दिवसा इथे प्रवेशअर्जांचे गठ्ठे तपासले जातात; अजूनही टेबलाच्या एका कडेला ते दोरीने बांधून ठेवलेले आहेत. रात्री आठला दूरशिक्षणातले बी. ए. इतिहासाचे विद्यार्थी इथे जमतात, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर जमतात. चौतीस चौकोन दिसताहेत आणि त्यांतल्या जेमतेम सहांत माणसं आहेत. बाकीच्यांत कुठे नावाचं पहिलं अक्षर, कुठे विठोबा, कुठे नवीकोरी बुलेट. माण तालुक्यातली एक सून आहे, जतजवळची अंगणवाडी सेविका आहे, चाकणच्या कारखान्यात पाळी लागली नाही तरच येणारा मुलगा आहे, बार्शीत झेरॉक्सच्या दुकानात बसणारा एक आहे. पनवेलच्या एका सोसायटीत रात्रपाळी करणारे रखवालदारही यादीत दिसताहेत. नाशिकला १९८९मध्ये मुक्त विद्यापीठ सुरू झालं ते अशाच माणसांसाठी. तेव्हा हातात स्वयंअध्ययनाचं पुस्तक असायचं आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र. आता रोज संपर्क होऊ शकतो, आणि बोलायला कुणी तयार नसतं.

"कॅमेरे बंद असू देत," मॅडम म्हणतात. "डेटा वाचवा. पण बोटं मोकळी ठेवा."

आजचा विषय १९७२चा दुष्काळ. पुस्तकात त्याला दोन पानं आहेत. मॅडम पुस्तक उघडतच नाहीत.

"बहात्तर साली तुमच्या घरात काय खात होते? एकच शब्द. चॅटमध्ये लिहा, पण पाठवू नका. मी 'सोडा' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाठवायचं."

ही युक्ती मी आधी ऐकली होती, पाहतो आहे पहिल्यांदा. नेहमीच्या चॅटमध्ये पहिला हुशार विद्यार्थी पाच सेकंदांत उत्तर टाकतो आणि उरलेले तेहतीस जण हातातला फोन खाली ठेवतात. इथे कुणालाच दुसऱ्याचं दिसत नाही. मॅडम घड्याळाकडे बघतात. मी अस्वस्थ होतो. पाऊण मिनिट खोलीत फक्त पंख्याचा आवाज आहे.

"सोडा."

पाटाचं दार उचलल्यासारखे शब्द येतात. मिलो. मिलो. सुकडी. लाल ज्वारी. माहीत नाही. मिलो. बरबडा. आम्ही तेव्हा मुंबईत होतो. कोंडा. मिलोच्या भाकरी, लाल. उपाशी. आजीला विचारून सांगते मॅडम. सुकडी.

मॅडम 'मिलो'वर थांबत नाहीत. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्या म्हणतात, "'उपाशी' असं एकांनी लिहिलं आहे. त्यांना बोलावंसं वाटलं तर बोलावं. नाही वाटलं तर काही हरकत नाही." आणि पाण्याचा पेला उचलतात.

हा पेला काही तहानेचा नाही. प्रश्न विचारल्यावर घोट घ्यायचा, सावकाश गिळायचा, पेला खाली ठेवायचा आणि मग पुन्हा पडद्याकडे बघायचं; तेवढा वेळ तोंड बंद राहतं, मॅडमचं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. ते सगळं चार भिंतींतलं. इथे आवाज मागून पोचतो, म्यूटचं बटण शोधावं लागतं, आणि त्याआधी शेजारच्या खोलीतला टीव्ही बारीक करायला सांगावं लागतं. तीन सेकंदांत काय होणार?

दुसऱ्या घोटाला एक चौकोन उजळतो. जतच्या अंगणवाडी ताई आहेत.

"मी लिहिलं मॅडम ते. म्हणजे... आमची आजी सांगायची, पोरांना खायला घालून बाया उपाशी कामावर जायच्या. सुकडी मिळायची ती पदराला बांधून घरी आणायच्या. मी आता रोज पोरांना खाऊ वाटते ना अंगणवाडीत, तर काही बाया स्वतःचा वाटा डब्यात घालून नेतात. तेव्हा मला ते आठवतं."

चॅटमध्ये तीन-चार हात जोडलेली चित्रं येतात. मॅडम "खूप छान" म्हणत नाहीत. त्या विचारतात, "कुणाला ह्यात काही विचारायचंय ताईंना?" आणि बार्शीवाला विचारतो, सुकडी म्हणजे नक्की काय असायचं, ती शिजवलेली असायची का कोरडी. ताई सांगतात, पीठच असायचं, गोडसर. त्या दोघांचं बोलणं चालू असताना मॅडम वहीत काहीतरी लिहितात आणि मध्ये पडत नाहीत.

मग पडदा बदलतो. आता दिसतो चर्चाफलक.

गेल्या आठवड्यात मॅडमनी तिथे एक प्रश्न टाकला होता: तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या, बहात्तर साली कामाला गेलेल्या माणसाला विचारा, काम कसलं होतं आणि हातात काय मिळायचं. सहा दिवसांची मुदत. ज्याने त्याने आपल्या सवडीने लिहायचं. हा फलक मूडलचा आहे. मार्टिन डूगियामास या ऑस्ट्रेलियातल्या माणसाने २००२मध्ये लोकांच्या हाती दिलेली ही प्रणाली आज गावोगावच्या कॉलेजांत, कुणी फारसं नाव न घेता, चालते आहे. तिच्यात चर्चेचा एक प्रकार असा आहे, की स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसतच नाहीत. टाकल्यावरही दुरुस्तीची मुदत, बहुधा अर्ध्या तासाची, उलटू द्यावी लागते. विद्यार्थी ह्याला वैतागतात म्हणे. मला तो अर्धा तास फार आवडला. 'वरील उत्तराशी सहमत' ही आपल्याकडची आवडती नोंद तिथल्या तिथे बाद होते.

अशा नोंदींचा मला तिटकारा आहे, हे सांगून टाकतो. एका मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमात चर्चेला गुण ठेवलेले मी पाहिले आहेत: एक मूळ नोंद, दोन प्रतिसाद. लोकांनी इमानेइतबारे एक मूळ नोंद आणि दोन "छान माहिती सर" टाकले होते. गुण सगळ्यांना मिळाले. चर्चा कुठेही झालेली नव्हती. इथे मॅडमचा नियम वेगळा आहे. प्रतिसादात एक तरी प्रश्न पाहिजे, नाहीतर "माझ्या माणसाने वेगळं सांगितलं" असं तरी पाहिजे. गुण नाहीत. फलकावर कुणी काय लिहिलं ते लाइव्ह तासात वाचलं जातं, एवढंच आमिष.

आणि ते वाचण्याआधी परवानगी घेतली जाते. "काल रात्री मी एकांना विचारलंय," मॅडम सांगतात, "त्यांची हरकत नाही. पनवेलच्या दादांनी लिहिलंय. वेळ बघा, पहाटेचे तीन वाजून बारा मिनिटं."

रखवालदार दादा आजवर एकाही लाइव्ह तासात बोललेले नाहीत, असं मॅडमनी मला तास सुरू होण्याआधी सांगितलं होतं. त्यांची नोंद मात्र फलकावर सगळ्यांत लांब आहे. वडील पाझर तलावाच्या कामावर होते. तिथे सगळ्या जातींच्या बायका एका रांगेत उभ्या राहून मातीच्या पाट्या एकीकडून दुसरीकडे द्यायच्या, हाताला हात लागायचा, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पाण्याचे माठ मात्र दोन होते. दादांनी शेवटी लिहिलंय: माझ्या वडिलांना विचारलं, दुसरा माठ कुणी ठेवायला सांगितला होता? ते म्हणाले, कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम हे सपाट आवाजात वाचतात. मग पेला. चॅटमध्ये एक ओळ येते: ऐकतोय मॅडम, गेटवर आहे, बोलता येणार नाही.

तीन हात वर होतात. मी बसलो आहे तिथून मला मॅडमचा अर्धाच चेहरा दिसतो. त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरला आहे. एक मुलगी म्हणते, आमच्या गावात माठ एकच होता. दुसरा म्हणतो, शक्यच नाही. तिसऱ्याचा आवाज तुटत तुटत येतो आणि नेट जातं. दादा चॅटमधूनच उत्तरं देतात, एका बोटाने लिहिल्यासारखी, तुकड्यातुकड्यांत. बोलणारे आणि लिहिणारे एकाच भांडणात आहेत, आणि मॅडम दोन्हीकडचं एकमेकांना ऐकवताहेत: "दादा लिहिताहेत, काम सरकारी होतं पण माठ गावचे होते." ऑनलाइन वर्गात शिक्षकाला हे एक नवं काम लागलेलं दिसतं: जे लिहिलं गेलं त्याला आवाज द्यायचा.

ह्या वादाला शेवट नाही, आणि मॅडम तो ओढूनताणून आणत नाहीत. "हे फलकावर चालू ठेवा," म्हणून त्या मजुरीकडे वळतात.

पडद्यावर आता फक्त आकडे. विद्यार्थ्यांनी घरून आणलेले. दिवसाला दीड रुपया. दिवसाला तीन रुपये. आठवड्याला नऊ. पैसे थोडे, बाकी धान्य. दोन रुपये, पण बाईला कमी. आठवत नाही, पण त्यात घर चालायचं. चालत नव्हतं.

"एकच राज्य, एकच साल," मॅडम म्हणतात. "मग आकडे इतके वेगळे का? आधी एक मिनिट एकट्याने विचार करा, वहीत लिहा. मग चार-चार जणांच्या खोल्यांत पाठवते. सात मिनिटं. बाहेर येताना एक कारण घेऊन यायचं."

एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांपुढे, हा क्रम १९८१मध्ये मेरीलँडच्या फ्रँक लायमन यांनी मांडला. आपल्याकडच्या बी. एड्.च्या पुस्तकांत तो असतो आणि पाठ संपल्यावर तिथेच राहतो. ऑनलाइन तासात त्यातलं पहिलं एकटं मिनिट फार महत्त्वाचं आहे, असं मला इथे बसून दिसतं. त्याशिवाय खोलीत ढकललेली चार माणसं एकमेकांच्या म्यूटकडे बघत बसतात.

तशी एक खोली निघतेच. मॅडम तिच्यात शिरतात तेव्हा चारही माइक बंद आहेत. "काय झालं?" बराच वेळाने एक मुलगी सांगते, "मॅडम, आधी कोण बोलणार तेच ठरेना." मॅडम हसतात. "ज्यांचं गाव साताऱ्यापासून सगळ्यांत लांब, त्यांनी आधी." लगेच वाद सुरू होतो, बार्शी लांब की जत, आणि चौघंही बोलायला लागलेली असतात. मॅडम निघतात.

पुढच्या खोलीत चाकणचा मुलगा तावातावाने बोलतो आहे. "ताई, पन्नास वर्षांपूर्वीचं कुणाला काय आठवणार? म्हातारी माणसं, काहीही सांगतात. मला काल काय जेवलो ते आठवत नाही."

"असं कसं म्हणता दादा," माणच्या ताई म्हणतात. "आमच्या आत्या इथंच बसल्यात. त्यांना विचारा की."

आणि मग जे होतं ते कुठल्याही पाठाच्या आराखड्यात नसतं. फोन हलतो, छत दिसतं, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, आणि पडद्यावर एक म्हातारा चेहरा येतो, फार जवळ, कपाळच जास्त. सुनेचा अभ्यास दर आठवड्याला ऐकत बसणाऱ्या ह्या सासूबाई असणार.

"कोन म्हनतंय आठवत न्हाई?" आत्या विचारतात.

चाकणचा मुलगा गप्प.

"आवं बाई," त्या मॅडमना सांगतात, "दिसाला पैसं कुठलं आलंय? खडी फोडायची, ढीग लावायचा. मग सायेब यायचा आन् मोजायचा. बरासवर पैसं. आमची जोडी दांडगी हुती, मी आन् माजी जाऊ. आमाला तीन बी पडायचं. शेजारची पोटुशी हुती, तिला दीड बी पडत नव्हतं. तिचं खोटं न्हाई आन् माजं बी खोटं न्हाई."

मॅडम एका बटणाने सगळ्या खोल्या बंद करतात. चौतीस चौकोन परत येतात, काही गोंधळलेले, "मॅडम, आमचं व्हायचं होतं" म्हणणारे. "आत्या, तेवढंच पुन्हा एकदा सांगाल का सगळ्यांना?" आत्या पुन्हा सांगतात, ह्या वेळी जाऊ जास्त दांडगी होते आणि सायेबाच्या अंगावर खाकी चढते. बंद कॅमेऱ्यांपैकी काही आपणहून उघडतात. एका चौकोनात मांडीवर बाळ घेतलेली आई आहे, एकात गणवेशातला बसवाहक, एकात नुसता अंधार आणि त्यात चष्म्याची चकाकी.

मजुरी मोजमापावर होती, हे पुस्तकात एका वाक्यात आहे. मला खात्री आहे, त्या वाक्याखाली सगळ्यांनी पेन्सिलने रेघ मारलेली असेल.

"मग मोजणारा कोण होता?" मॅडम विचारतात. चॅट पळू लागतं. मुकादम. ओव्हरसियर. आमचे पणजोबा मुकादम होते, ते तसे नव्हते. सगळे असंच म्हणतात. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं. पुरावा? चाकणचा मुलगा लिहितो: आमच्याकडे पण पीस रेट होता आधी, मोजणारा सुपरवायझरच. एवढ्यात कुणीतरी लिहितं की गाजर गवत ह्याच मिलोबरोबर आलं, आणि मॅडम ते मात्र जाऊ देत नाहीत. "पुण्यात ते १९५०च्या दशकातच सापडल्याची नोंद आहे. बहात्तरच्या आधी. मग हे गवत आणि मिलो यांची सांगड लोकांनी का घातली असेल? आत्ता नको. सहा दिवस आहेत. घरी विचारा आणि लिहा."

दोन घड्याळांवर चालणारा हा वर्ग आहे. काय आत्ता आणि काय सावकाश, हे निवडण्यात मॅडमचं निम्मं कसब आहे. रागावून, हसून, एकमेकांना तोडून बोलायचं ते आत्ता. ज्यासाठी कुणाच्या तरी उंबऱ्यापर्यंत चालत जावं लागेल, ते फलकावर. हे उलटं केलेले तास मी पाहिले आहेत: लाइव्हमध्ये शिक्षक तासभर वाचून दाखवतो आणि फलकावर लिहितो, "काही शंका असल्यास विचारा." शंका कधीच नसतात.

उरलेल्या वेळात मॅडम पहिल्यांदाच सलग बोलतात. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. विसापूरच्या आसपास १९६५मध्ये मागेल त्याला काम देण्याचा लहानसा प्रयोग झाला. मग दुष्काळ, वसंतराव नाईक मुख्यमंत्री. १९७३च्या उन्हाळ्यात, ऐन भरात, जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, अंमल १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून. देशभराचा कायदा व्हायला २००५ उजाडावं लागलं. आठ-नऊ मिनिटांत आटोपतं. आत्यांनंतर हे ऐकणारे कान वेगळे झालेत. चॅटमध्ये कुणीतरी ५० लाखांना राज्याच्या तेव्हाच्या लोकसंख्येने भागून बघतो आहे.

"इतक्या लोकांना काम द्यायचं तर पैसा पाहिजे," मॅडम म्हणतात. "कुठून आणला?"

कर्ज. केंद्र. अमेरिका. देणग्या. घोट.

"तुमच्यापैकी पगारदार कोण आहे? पगाराची स्लिप फोनमध्ये असेल तर उघडा. कपातीच्या बाजूला बघा."

चाकणचा मुलगा सगळ्यांत आधी अनम्यूट होतो. "पीएफ. कँटीन. पीटी दोनशे."

"पीटी म्हणजे काय?"

"व्यायामाचा तास नाही एवढं नक्की, मॅडम."

हशा पिकतो. मॅडम सांगतात: व्यवसाय कर, कायदा १९७५चा. रोजगार हमीला पैसा उभा करायचा म्हणून आणलेला. शहरातल्या पगारदाराने द्यायचा, गावातल्या मजुराच्या कामासाठी, आणि शासनाने त्यात आपली भर घालायची. मुलगा काही वेळ बोलत नाही. मग म्हणतो, "म्हणजे माझे दोनशे आत्यांना जातात?"

"मला कशाला?" आत्यांचा आवाज येतो. फोन अजून त्यांच्याच हातात असावा. "माजी खडी कवाच फोडून झाली."

नऊ वाजून गेलेत. मॅडम तास संपल्याचं सांगतात, आणि आठ-दहा चौकोन जागचे हलत नाहीत. शेवटी त्याच बैठक बंद करतात, पेला धुऊन पालथा घालतात आणि निघण्याआधी एकदा फलक उघडतात. 'इतर प्रश्न' ह्या धाग्यावर नव्या नोंदी येऊ लागल्या आहेत. हा साधा धागा, इथे लगेच दिसतं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचतो.

चाकण: फेब्रुवारीची स्लिप काढली. ३०० कापलेत. कंपनीने शंभर जास्त घेतले का?

बार्शी: दोनशे बारा वेळा म्हणजे २४००. कुठलातरी आकडा पुरा करत असणार.

जत: २५००. पण २५००च का? ३००० का नाही?

मॅडमची बोटं कीबोर्डवर जातात. मग त्या हात मागे घेतात आणि पर्सची चेन लावत बसतात.

पनवेल: घटनेचं कलम २७६ बघा. एका माणसाकडून वर्षाला २५००च्या वर हा कर घेता येत नाही. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक आहे माझ्याकडे इथे केबिनमध्ये.

जत: मला तर पीटी कापतच नाहीत.

पनवेल: महिन्याला २५ हजारांपर्यंत बायकांना माफ आहे ताई.

जत: बरं. आणि दुकानदारांना? त्यांनाही असतो ना हा कर? बार्शीचे दादा, भरता ना?

बराच वेळ काही येत नाही. मॅडम दिवा बंद करायला उठतात तेव्हा येतं.

बार्शी: दुकान वडिलांच्या नावावर आहे.